गुडघा दुखतोय, मग व्यायाम का आणि किती?

"गुडघे झिजलेत, आता जपून वापरा." एवढं एकच वाक्य काही वर्षांपूर्वी माझ्या आईला सांगितलं गेलं आणि पुढची दोन वर्षं तिने ते मनापासून पाळलं. जिना बंद, फिरायला जाणं बंद, हातातून काही खाली पडलं तर उचलायला कोणाला तरी हाक मारायची. मला तिचं खुर्चीतून उठणं अजून डोळ्यासमोर येतं, दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर दाबायची, एकदा पुढे झोका घ्यायची, जमलं नाही की परत घ्यायची, मग कशीबशी उठायची, आणि बसताना शेवटचं वीतभर अंतर राहिलं की स्वतःला सोडूनच द्यायची, धपकन. दोन वर्षं इतकं जपल्यावर गुडघा थोडा तरी सुधारायला हवा होता ना? उलट दुखणं वाढलं आणि मांड्या काड्यांसारख्या झाल्या. सांगणाऱ्याच्या मनात काही वाईट नव्हतं, पण त्या वाक्यात गुडघ्याचं जे चित्र आहे तेच मुळात चुकलंय आणि ते डोक्यातून निघत नाही तोवर दुखणाऱ्या गुडघ्याला व्यायाम हा उपचार आहे हे कोणालाच पटत नाही, म्हणून मी आधी तिथूनच सुरू करते.

झिजणं म्हटलं की आपल्याला चपलेचा तळ किंवा गाडीचा टायर आठवतो. जितका वापर तितकी झीज, म्हणून कमी वापरा म्हणजे जास्त टिकेल, सरळ हिशोब. पण टायर मेलेली वस्तू आहे, गुडघा जिवंत आहे. हाडांच्या टोकांवर जो गुळगुळीत थर असतो, ज्याला आपण बोलताना गादी म्हणतो आणि पुस्तकात कूर्चा, त्याला मोठ्या माणसात रक्तवाहिन्याच नसतात. मग त्याला खायला कुठून मिळतं, तर सांध्यात जो चिकट द्रव असतो, ज्याला आपण वंगण म्हणतो, त्यातून. स्पंज पाण्यात धरून दाबला की पाणी बाहेर येतं आणि सोडला की आत शिरतं, साधारण तसंच इथे चालतं, पाऊल टाकलं की कूर्चा दाबली जाते, पाऊल उचललं की फुगते आणि ताजा द्रव आत घेते. म्हणजे वजन पडणं आणि उतरणं हेच तिचं जेवण. पाठीच्या मणक्याला इजा होऊन ज्यांच्या पायांची हालचाल गेली अशा लोकांच्या गुडघ्यातली कूर्चा काही महिन्यांत पातळ व्हायला लागते हे एमआरआयवर मोजून बघितलेलं आहे. त्यांच्या गुडघ्यावर तर काहीच भार नव्हता, टायरच्या हिशोबाने तो नव्यासारखा राहायला हवा होता.

उलट बाजूचाही एक छान पुरावा आहे. २००५ मध्ये स्वीडनमधला एक स्टडी आला, गुडघ्यातल्या चकतीचं म्हणजे मेनिस्कसचं ऑपरेशन झालेली ४५ माणसं घेतली, काहींना चार महिने व्यायाम दिला, काहींना नाही, आणि खास प्रकारच्या एमआरआयने कूर्चेतला घटक मोजला, तो जो तिला पाणी धरून ठेवायला मदत करतो. व्यायाम करणाऱ्यांमध्ये तो सुधारलेला दिसला. इथे एक गोष्ट स्पष्ट सांगते, नाहीतर चुकीची आशा लागेल: गेलेली कूर्चा व्यायामाने परत उगवत नाही, उगवते म्हणून कोणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. पण आहे ती चांगल्या अवस्थेत ठेवायला तिला भार लागतो, एवढं नक्की.

आता दुखतं कुठे? ही गोष्ट मला स्वतःला कळली तेव्हा मी बराच वेळ गप्प बसले होते. कूर्चेला नसाही नसतात, संवेदना कळवणाऱ्या नसा. म्हणजे जी झिजली म्हणून आपण घाबरतो ती स्वतः दुखूच शकत नाही. दुखतं ते तिच्या खालचं हाड, सांध्याच्या आतलं अस्तर, वाटीमागची चरबीची उशी, आजूबाजूचे स्नायू आणि त्यांचे बंध, आणि या सगळ्यांचं दुखणं रोज सारखं नसतं, सूज, झोप, ताण, अचानक वाढलेलं काम, सगळ्याने वरखाली होतं. म्हणून तर एक्स-रे फार खराब असलेली माणसं आरामात जिने चढताना दिसतात आणि साधारण एक्स-रे असलेली रात्रभर कळवळतात. अमेरिकेत फ्रेमिंगहॅमला एक तपासणी झाली, २०१२ मध्ये छापली गेली, पन्नाशीच्या पुढची ७१० माणसं, सगळ्यांचे एक्स-रे नॉर्मल, तरी एमआरआय काढल्यावर ८९ टक्के लोकांत काही ना काही बिघाड सापडला, आणि ज्यांचा गुडघा कधी दुखत नव्हता त्यांच्यातही हे प्रमाण जवळपास तेवढंच. तेव्हा रिपोर्टात मोठमोठे शब्द वाचून जीव घाबरा करून घेऊ नका, वय वाढलं की केस पांढरे होतात तसं त्यातलं बरंचसं असतं. ब्रिटनच्या नाइस या संस्थेची २०२२ ची गाइडलाइन तर म्हणते की वय ४५ किंवा वर, हालचाल केली की दुखतं, आणि सकाळचा ताठरपणा नसतोच किंवा अर्ध्या तासात जातो, तर हा ऑस्टिओआर्थरायटिस, म्हणजे ज्याला आपण गुडघे झिजणं म्हणतो तोच आजार, आहे हे ठरवायला एरवी एक्स-रेचीही गरज नाही. गुडघ्यातून कटकट आवाज येतो पण दुखत नाही, तर त्याचीही काळजी नको.

मग व्यायाम नक्की काय करतो? सगळ्यात मोठी गोष्ट मांडीच्या पुढच्या स्नायूची. जिना उतरताना, खुर्चीत बसताना, शरीराचं वजन हळूहळू खाली सोडायचं काम हाच स्नायू करतो, तो ब्रेक आहे. गुडघ्यात सूज आली की शरीर आपोआप या स्नायूचा आवाज कमी करतं, म्हणजे तुम्ही कितीही जोर लावा, त्याला पूर्ण हुकूमच पोचत नाही. निरोगी माणसाच्या गुडघ्यात नुसतं सलाइन भरलं तरी हा स्नायू ढिला पडतो हे प्रयोगात दिसलेलं आहे. म्हणजे बघा चक्र कसं फिरतं, दुखतं म्हणून स्नायू ढिला, स्नायू ढिला म्हणून प्रत्येक पावलाचा धक्का थेट सांध्यावर, म्हणून अजून दुखतं, म्हणून अजून कमी हालचाल, म्हणून स्नायू अजून बारीक. आई धपकन बसायची ना, ते हेच, ब्रेक गेला होता. विश्रांतीने हे चक्र तुटत नाही कारण विश्रांतीने स्नायू कधीच वाढत नाही, ते तुटतं फक्त स्नायूला काम देऊन.

दुसरं म्हणजे भीती. महिनोन्महिने एखादी हालचाल दुखरी म्हणून टाळली की मेंदू त्या हालचालीलाच धोका समजायला लागतो आणि थोड्याशा कळेलाही मोठा भोंगा वाजवतो. तीच हालचाल थोडी थोडी, काही वाईट न होता, रोज केली की भोंगा हळूहळू शांत होतो. दुखणं खोटं आहे असं मी अजिबात म्हणत नाहीये, ते खरंच असतं, फक्त त्याचा आवाज कमीजास्त होऊ शकतो. आणि तिसरं वजन. २००५ च्या एका अभ्यासात वजन जास्त असलेल्या आणि गुडघेदुखी असलेल्या लोकांची चाल मोजली, तर शरीराचं १ किलो कमी झालं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा साधारण ४ किलो भार कमी होतो असं निघालं. दिवसात आपण किती हजार पावलं टाकतो ते धरा म्हणजे अंदाज येईल. नुसत्या व्यायामाने वजन फारसं उतरत नाही हेही खरं, २०१३ मध्ये छापलेल्या, ४५४ लोकांवर दीड वर्ष चाललेल्या ट्रायलमध्ये (ट्रायल म्हणजे लोकांचे गट पाडून उपचारांची तुलना) खाणं आणि व्यायाम दोन्ही सांभाळणाऱ्यांना एकेकटं करणाऱ्यांपेक्षा जास्त आराम पडला.

किती फरक पडतो हे मोकळेपणाने सांगायला हवं, कारण चमत्काराची अपेक्षा ठेवून सुरू केलेला व्यायाम तिसऱ्या आठवड्यात सुटतो. १९९७ सालीच साठीच्या पुढच्या ४३९ लोकांवर दीड वर्षांची ट्रायल झाली होती, चालणारे आणि वजनं उचलणारे दोन्ही गट, नुसती माहिती मिळालेल्या गटापेक्षा बरे राहिले. २०१५ मध्ये कॉक्रेनने, म्हणजे अशा अभ्यासांचे निकाल एकत्र तपासणाऱ्या संस्थेने, ५४ ट्रायल एकत्र केल्या तेव्हा आराम साधारण दुखण्याच्या गोळ्यांइतका दिसला. २०२४ मध्ये १३९ ट्रायल धरून परत हिशोब केला तर आकडा थोडा खाली आला, दुखणं ० ते १०० मध्ये मोजलं तर सरासरी ९ ते १३ गुणांचा फरक. म्हणजे मध्यम फायदा, काहींना खूप, काहींना थोडाच. पण याच्या शेजारी बाकीचे उपाय ठेवून बघा ना. दुखण्याच्या गोळ्या रोज महिनोन्महिने घेतल्या तर पोट, किडनी आणि हृदय तिघांनाही त्रास होऊ शकतो. स्टेरॉइडचं इंजेक्शन काही आठवडे छान वाटतं, पण २०१७ च्या ट्रायलमध्ये दर १२ आठवड्यांनी दोन वर्षं दिल्यावर दुखणं खारट पाण्याच्या इंजेक्शनपेक्षा कमी झालं नव्हतं आणि कूर्चा मात्र जास्त गेली होती. २०२० मध्ये १५६ लोकांत इंजेक्शन विरुद्ध फिजिओथेरपी अशी तुलना झाली, वर्षाअखेर फिजिओवाले पुढे. दुर्बिणीने आत साफ करायचं ऑपरेशन २००२ मध्येच उघडं पडलं, १८० लोकांपैकी काहींना नुसते वरून छेद देऊन टाके घातले, आत काहीच केलं नाही, तरी दोन्हींत फरक नाही. चकती फाटलीय म्हणून दुर्बीण सुचवली जाते तिथेही नॉर्वेत १४० मध्यमवयीन लोकांवर बघितलं, १२ आठवडे व्यायाम करणारे दोन वर्षांनी ऑपरेशनवाल्यांइतकेच बरे होते.

गुडघा बदलायचं ऑपरेशन मात्र वेगळी गोष्ट आहे, ते खरंच काम करतं आणि फार खराब झालेल्या गुडघ्याला त्याची गरज लागते. डेन्मार्कमध्ये ऑपरेशनला पात्र असलेले १०० जण घेतले, निम्म्यांचं ऑपरेशन केलं आणि वर व्यायामही दिला, निम्म्यांना नुसता व्यायाम आणि बाकीचे साधे उपाय. ऑपरेशनवाल्यांना जास्त आराम मिळाला, गंभीर त्रासही त्यांनाच जास्त झाले, आणि ऑपरेशन न केलेल्यांपैकी चारातल्या तिघांना वर्षभरात त्याची गरजच वाटली नाही. हा निकाल २०१५ चा. ऑपरेशन करायचंच ठरलं तरी आधी केलेला व्यायाम वाया जात नाही, नंतर उभं राहायला त्याच मांड्या लागतात.

आता कुठला व्यायाम. यावर लोक फार अडकतात आणि खरं सांगायचं तर इतकं अडकायची गरज नाही. चालणं, सायकल, पाण्यातला व्यायाम, ताई ची (संथ हालचालींचा चिनी व्यायाम), स्नायूंचा व्यायाम, सगळ्यांनी फायदा होतो. फार जड वजनं उचलून जास्त फायदा होतो का तेही बघून झालंय, २०२१ च्या ट्रायलमध्ये दीड वर्षानंतर जड आणि हलकं यात दुखण्याच्या बाबतीत फरक निघाला नाही. म्हणून जो तुम्ही सहा महिन्यांनीही करत असाल तो व्यायाम चांगला. फक्त माझं मत विचाराल तर नुसतं चालण्यावर थांबू नका, आठवड्यातून दोन-तीन दिवस मांडीला आणि कमरेला थोडं जड वाटेल असं काम द्या, कारण ब्रेक तिथेच दुरुस्त होतो.

आईसाठी आमच्या फिजिओने एकच व्यायाम मुख्य धरला होता, खुर्चीतून उठणं-बसणं, आणि तो मी इतक्या वेळा शेजारी उभी राहून बघितलाय की बारीकसारीक सांगू शकते. भिंतीला टेकवलेली, न हलणारी खुर्ची घ्यायची. हात न लावता उठता येत नसेल तर तिच्यावर उशी ठेवायची, एकीने नाही जमलं तर दोन, कारण जितकं उंच बसाल तितकं उठणं सोपं. थोडं पुढे सरकून बसायचं, दोन पायांत कमरेच्या रुंदीइतकं अंतर ठेवायचं आणि टाचा गुडघ्याच्या किंचित मागे घ्यायच्या. हात छातीवर. मग आधी पुढे वाकायचं, नाक पायाच्या बोटांच्या वर येईपर्यंत, आणि तिथून वर, आईचं चुकायचं ते इथेच, ती सरळ ताठ राहून उठायला जायची आणि मग झोका लागायचा. गुडघे आत एकमेकांकडे पडू द्यायचे नाहीत, पायाच्या दुसऱ्या बोटाच्या दिशेने ठेवायचे. आणि खरा व्यायाम बसताना आहे, मनात एक, दोन, तीन, चार मोजत खाली यायचं आणि खुर्चीला टेकताना आवाज आला नाही पाहिजे. पहिल्या आठवड्यात आईला असं सलग पाच वेळाच जमायचं. आठ झाले, मग बारा, मग बाराचे तीन सेट मध्ये मिनिटभर थांबून, आणि ते सोपे वाटायला लागले की एक उशी काढायची आणि परत आठवर यायचं. असं करत करत चार महिन्यांनी दोन्ही उशा निघाल्या.

याच्या जोडीला पलंगावर पाय लांब करून गुडघ्याखाली गुंडाळलेला टॉवेल दाबून पाच सेकंद धरणं (ज्यांना उभं राहूनच फार दुखतं त्यांनी इथूनच सुरुवात करावी), कुशीवर झोपून वरचा पाय उचलणं, टेबलाला धरून टाचा वर करणं, पाठीवर झोपून गुडघे वाकवून कंबर उचलणं, आणि नंतर एका पायरीवर हळू चढ-उतार. इतकं पुरे. तरुण मुलामुलींना वाटीच्या आसपास दुखतं, जिना उतरताना किंवा बराच वेळ बसल्यावर, त्यांनाही कमरेच्या बाजूचा स्नायू आणि मांडी दोन्हींचा एकत्र व्यायाम सगळ्यात उपयोगी पडतो.

आणि आता ते, ज्यावर सगळं अडतं: किती दुखलं तर चालेल. औषधाचा डोस असतो तसाच व्यायामाचा असतो आणि बहुतेकांचा व्यायाम चुकीचा नसतो, डोस चुकतो. आईचंच बघा, चौथ्या दिवशी तिला बरं वाटलं म्हणून तिने उत्साहात एकदम तीसेक वेळा उठबस केली, दुसऱ्या दिवशी गुडघा सुजला, आणि पुढचे दहा दिवस "मी म्हटलं नव्हतं का, मला व्यायाम सोसत नाही." सोसत नव्हता असं नाही, पाचवरून थेट तीसवर उडी मारली होती. फिजिओ जो नियम सांगतात तो असा, दुखणं ० ते १० मध्ये मोजा, व्यायाम करताना ३ पर्यंत गेलं तर अगदी ठीक, ५ पर्यंत गेलं तरी चालेल, पण २४ तासांत ते आधी होतं तिथे परत आलं पाहिजे. आलं तर डोस बरोबर, पुढच्या वेळी तेवढाच किंवा एखाददुसरा जास्त. दुसऱ्या दिवशी सकाळी गुडघा जास्त दुखतोय किंवा फुगलाय तर डोस जास्त झाला, मग बंद नाही करायचं, निम्मा करायचा. मांडीचा मांसल भाग दोन दिवस दुखणं वेगळं, ते काम झाल्याचं लक्षण आहे आणि आपलं आपण जातं.

सुरुवातीचे दोन-तीन आठवडे काहीच फरक वाटत नाही, कधी कधी थोडं जास्तच दुखतं, आणि नेमकं तिथेच बहुतेक लोक सोडतात, मला याचं फार वाईट वाटतं कारण फरक दिसायला सहा ते बारा आठवडे लागतात. आणि बंद केला की फायदाही काही महिन्यांत ओसरत जातो, बीपीची गोळी बंद केल्यावर बीपी परत वाढतं तसंच.

काही गोष्टींत मात्र आधी डॉक्टर, मग व्यायाम. गुडघा लाल, गरम, सुजलेला आणि सोबत ताप. पडल्यावर किंवा मुरगळल्यावर पायावर वजनच टाकता येत नाही. गुडघा अडकतो आणि सरळच होत नाही. पोटरी एकाएकी सुजून दुखायला लागली. रात्री न हलवताही सतत ठणका, किंवा सकाळचा ताठरपणा तासभर जात नाही आणि हातांचे छोटे सांधेही सुजलेत. यात घरच्या घरी प्रयोग करत वेळ घालवू नका.

मध्ये खंड पडतोच, आजारपण येतं, प्रवास होतो, घरात काही निघतं. तीन आठवडे सुटले तर जिथे सोडलं तिथून सुरू करायचं नाही, साधारण निम्म्यावरून करायचं, स्नायू पहिल्यापेक्षा लवकर परत येतो. गेल्या महिन्यात आई तापाने पंधरा दिवस झोपून होती, उठल्यावर तिने स्वतःच कपाटातून एक उशी काढून खुर्चीवर ठेवली, सहावर थांबली, आणि परवा ती उशी परत कपाटात गेली. उजवा गुडघा अजून जिना उतरताना कुरकुरतो, ती कठडा धरते आणि उतरते.